पट मांडला दुधनेकाठी

बदनापूरला समुद्र नाही. जवळचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास. तरीही जालना आणि बदनापूर तालुक्यांच्या शिवेवर, दरेगाव-जवसगावच्या शिवारात, बंदरासाठी जमीन घेतली गेली. लोक त्याला ‘ड्राय पोर्ट’ म्हणतात. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराने हाती घेतलेला हा प्रकल्प. कल्पना अशी, की जालना परिसरातला माल इथेच कंटेनरमध्ये भरायचा, निर्यातीचे कागद इथेच पुरे करायचे आणि डबे रेल्वेने थेट जहाजापाशी न्यायचे.

‘बंदर म्हणजे काय?’ असं शाळेत विचारलं, तर ‘जहाजे थांबण्याची जागा’ हे उत्तर येतं आणि त्याला गुण मिळतात. ‘मग बदनापूरजवळ बंदर कसं?’ असं विचारलं, की वर्ग गप्प होतो. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर बरंच काही जोडून पाहावं लागतं. जालन्यात लोखंडी सळ्या बनवणारे कारखाने आहेत. १९६४ साली ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू झाली आणि तेव्हापासून इथे बियाण्यांचा उद्योग वाढला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा रेल्वेमार्ग निजामाच्या काळात, १९००च्या सुमारास, याच पठारावरून टाकला गेला. संभाजीनगर-जालना रस्ता बदनापूरमधून जातो आणि समृद्धी महामार्गही याच पट्ट्यातून गेला आहे. हे सगळं एका कागदावर मांडलं, की माळावरचं बंदर कोड्यासारखं वाटेनासं होतं.

‘कुठे आहे’ आणि ‘तिथेच का आहे’ या दोन प्रश्नांमधलं अंतर हेच भूगोल शिकवण्याचं खरं काम. गेली पावणेचारशे वर्षं माणसं ते अंतर खेळातून कापायचा प्रयत्न करत आली आहेत. काही खेळांना ते जमलं, बऱ्याच खेळांना जमलं नाही. कोणते खेळ मुलाला नावांपाशीच सोडून देतात आणि कोणते जमिनीपर्यंत नेतात, हे पाहायला बदनापूरसारखा तालुका फार सोयीचा आहे.

नाव ठाऊक, जागा नाही

‘असर’ हा ग्रामीण शिक्षणाचा अहवाल ‘प्रथम’ ही संस्था काढते. २०१७ साली या अहवालासाठी देशातल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातल्या मुलामुलींसमोर भारताचा नकाशा ठेवण्यात आला. हा कोणत्या देशाचा नकाशा, याचं उत्तर ८६ टक्क्यांना देता आलं. देशाची राजधानी ६४ टक्क्यांनी सांगितली. आपण कोणत्या राज्यात राहतो, हे ७९ टक्क्यांनी सांगितलं. मात्र तेच राज्य नकाशावर बोट ठेवून दाखवा म्हटल्यावर फक्त ४२ टक्क्यांना दाखवता आलं.

७९ आणि ४२ यांच्यामध्ये जी मुलं आहेत, त्यांना आपल्या राज्याचं नाव येतं, पण ते राज्य कुठे आहे हे येत नाही. त्यांनी अभ्यास केलेला नाही असं म्हणता येणार नाही. त्यांनी पाठ केलं आहे. नकाशा हा त्यांच्यासाठी परीक्षेच्या शेवटच्या प्रश्नातला आराखडा आहे. त्यात चिन्हं आणि सूची भरायची, पुरवणीला जोडायची आणि विसरून जायचं.

पाठ्यपुस्तकं याला जबाबदार आहेत, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. तिसरीच्या ‘परिसर अभ्यास’मध्ये मुलाला त्याच्याच जिल्ह्याची ओळख होते. ‘बालभारती’ची अलीकडची भूगोलाची पुस्तकं उघडली, तर ‘जरा डोके चालवा’, ‘शोधा पाहू!’, ‘पहा बरे जमते का!’ अशा चौकटी पानोपानी दिसतात. दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’ आहे आणि पुढचं सगळं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करत जातं. बदनापूरचं मूल ॲमेझॉनच्या खोऱ्याबद्दल लिहू शकतं ते त्यामुळेच. पण दुधना नदी कुठे उगम पावते, कुणाला मिळते आणि शेवटी कोणत्या समुद्रात जाते, हे त्याच मुलाला विचारलं तर? दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र इतका जवळ असताना बदनापूरच्या पन्हाळीतून पडलेलं पाणी देशाच्या दुसऱ्या टोकाला जातं, ही गंमत कळायला नदीचं नाव पुरत नाही. जमिनीचा उतार डोळ्यांसमोर यावा लागतो.

राजाच्या पोरांपासून ‘व्यापार’पर्यंत

खेळातून भूगोल शिकवण्याची युक्ती राजवाड्यांतून आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून आली. १६४५ साली पिएर द्यु वाल या फ्रेंच नकाशाकाराने ‘जगाचा खेळ’ नावाचा पट छापला. त्यात ६३ घरं, प्रत्येक घरात एका देशाचा इवलासा गोल नकाशा, आणि शेवटचं, जिंकण्याचं घर अर्थातच फ्रान्सचं. १७५९ साली लंडनच्या जॉन जेफरीजने युरोपच्या सफरीचा पट काढला. त्या काळी फासे म्हटले की जुगार आठवायचा, म्हणून अशा खेळांत फाशांऐवजी आकडे लिहिलेली भिंगरी वापरत. जेफरीजचे नियम खट्याळ होते. रोमच्या घरात पोचणाऱ्याला पोपच्या पायाचं चुंबन घेतल्याच्या अपराधापायी थेट थंडगार आइसलँडला हद्दपार व्हावं लागे. भूगोलाबरोबर मुलाच्या मनात काय काय उतरवायचं, हे पट बनवणाराच ठरवत होता.

१७६०च्या दशकात जॉन स्पिल्सबरी या नकाशाकाराने आणखी साधी गोष्ट केली. नकाशा महोगनीच्या फळीवर चिकटवला आणि सीमारेषांवरून करवतीने कापला. तुकडे जुळवा आणि देश ओळखा. आज आपण ज्याला ‘जिगसॉ पझल’ म्हणतो, त्याची सुरुवात अशी भूगोलाच्या तासाला झाली. राजे तिसरे जॉर्ज यांच्या मुलांची देखरेख करणाऱ्या लेडी शार्लट फिंच असे कापलेले नकाशे वापरत. जेन ऑस्टिनच्या १८१४ सालच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये गरीब नातेवाइकांकडून आलेल्या फॅनीला युरोपचा नकाशा जुळवता येत नाही, म्हणून तिच्या श्रीमंत मावसबहिणी तिची टर उडवतात. नकाशा जुळवता येणं हे तेव्हा चांगल्या घरचं लक्षण झालं होतं. स्पिल्सबरी लाकूड कापत होता त्याच दशकात, १७६७ साली, ईस्ट इंडिया कंपनीने भारतीय सर्वेक्षण विभाग स्थापन केला. तिकडे मुलं नकाशे जुळवत होती आणि इकडे त्यांचे वडीलधारे आपली जमीन मोजायला निघाले होते.

मराठीतही अशी एक करामत झाली आहे, तीही महाराष्ट्राबाहेर, तंजावरला. सरफोजीराजे दुसरे १७९८ ते १८३२ या काळात तिथे गादीवर होते. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या भोसले राजाने ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाट्य रचलं. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत हिंडणारी डोंगरातली बाई. तमिळ परंपरेत ती नायिकेचा हात पाहून तिच्या प्रियकराची वार्ता सांगते. सरफोजींच्या नाट्यात तिच्या तोंडी जगाचा भूगोल आहे. खंड, देश, नद्या, शहरं, सगळं गाण्यांतून. गावोगाव फिरणाऱ्या बाईलाच जग माहीत असणार, ही कल्पना किती अचूक! भूगोल शिकवायला राजाने पंतोजी नेमला नाही, भटकी बाई निवडली.

नंतरच्या काळात मराठी घरांत भूगोलाचे दोन खेळ रुजले. एक गावांच्या नावांच्या भेंड्या आणि दुसरा ‘व्यापार’. भेंड्यांत बदनापूर, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर अशी रांग लागली की समोरच्या गटाचा ‘र’ संपतो. एखादी हुशार मुलगी ‘राजूर’ म्हणून पुन्हा ‘र’च परत देते आणि गलका होतो. मजा खरी आहे, पण शेवटपर्यंत राजूर कुठल्या वाटेवर आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

‘व्यापार’ची गोष्ट जास्त बोलकी आहे. त्याचं मूळ अमेरिकेतल्या लिझी मॅगी या बाईंच्या ‘जमीनदाराचा खेळ’ या पटात आहे. १९०४ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. जमिनीचं भाडं एकाच्या हाती साठत गेलं की बाकीचे कसे कंगाल होतात, हे खेळता खेळता कळावं, हा त्यांचा हेतू होता. १९३५ साली एका कंपनीने ‘मोनोपॉली’ बाजारात आणली तेव्हा तो हेतू गळून पडला आणि दुसऱ्यांना कंगाल करण्याची मौज तेवढी उरली. आपल्याकडच्या पटावर भारतीय शहरं आली, पण ती चौकोनाच्या कडेने किमतीच्या हिशोबाने. शहराला भाव आहे, जागा नाही. मुंबई महाग का, हा प्रश्न खेळात कुणाला पडत नाही, कारण पटावर समुद्रच नाही.

आठवण आणि समज

नकाशाचे खेळ उपयोगी पडतात का, याचा अभ्यास झालेला आहे. २००७ साली कारपेंटर आणि पॅश्लर या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना नकाशा नुसता पुन्हा पुन्हा पाहायला दिला. दुसऱ्या वेळी नकाशातली एकेक गोष्ट काढून घेतली आणि ‘इथे काय होतं?’ ते आठवायला लावलं. आठवायला लावल्यावर नकाशा जास्त अचूक काढता आला. २०१० साली रोहरर आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांबाबतही असंच दाखवलं: नकाशावर गावं-प्रदेश ओळखण्याची चाचणी दिलेल्या मुलांना तीच माहिती नव्या तऱ्हेच्या प्रश्नांत वापरता आली. २०१२ साली शिकागोच्या सुझन लेव्हाइन यांनी दोन ते चार वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन पाहिलं. जी मुलं जुळणीची कोडी खेळत, त्यांना पुढे आकृती मनातल्या मनात फिरवून पाहणं अधिक चांगलं जमत होतं. म्हणजे स्पिल्सबरीची करवत वाया गेली नाही.

या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट ओघाने येते. खेळाचा फायदा चित्रांच्या भडकपणातून येत नाही, तो आठवण्याच्या श्रमातून येतो. फळ्यावर रिकामा आराखडा काढून ‘आता पूर्णा कुठून आणायची?’ असं विचारणाऱ्या बाई रंगीत ॲपइतकंच काम करतात.

पण आठवण म्हणजे समज नाही. अमेरिकेत नॅशनल जिओग्राफिक संस्थेची ‘जिओग्राफी बी’ ही शालेय स्पर्धा १९८९ पासून चालली. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं तिचे विजेते भारतीय वंशाची मुलं होती. शेवटची स्पर्धा २०१९ साली झाली आणि पुढे ती कायमची बंद करण्यात आली. परदेशातल्या आपल्या घरांत मुलांकडून नकाशे, राजधान्या, सामुद्रधुन्या पाठ करून घेणारे आईबाप जेवढे दिसतात, तेवढे ‘आपण नागपूर सोडून न्यू जर्सीलाच का आलो?’ हा भूगोलाचा प्रश्न मुलांसमोर ठेवणारे दिसत नाहीत.

संगणकावरच्या खेळांतही हाच भेद दिसतो. १९८५ साली आलेल्या ‘कार्मेन सँडिएगो’मध्ये मुलांनी एका चोर बाईचा जगभर पाठलाग करायचा असे. तिने कुठल्या चलनात पैसे बदलले, कुठला झेंडा फडकत होता, असे धागे मिळत. खेळाबरोबर खोक्यात जाडजूड माहितीकोश मिळे आणि तो चाळल्याशिवाय पुढे जाता येत नसे. २०१३ साली स्वीडनमधून आलेल्या ‘जिओगेसर’मध्ये रस्त्यावरचं एक दृश्य समोर येतं आणि हे जगात कुठे आहे ते ओळखायचं असतं. मुरलेले खेळाडू मातीचा रंग, विजेचे खांब, छपरांचा उतार, सावलीची दिशा यांवरून देश ओळखतात. जमीन वाचण्याची ही सवय लागली, तर तो खेळ कामाचा झाला. आपल्याकडे गुगलची रस्त्यांवरची दृश्यं २०२२ च्या जुलैमध्ये दहा शहरांपासून सुरू झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक यांच्याबरोबर अहमदनगरही होतं.

महाराष्ट्रातल्या शाळांत

सरकारी कागदांवर खेळाला आता मान आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने खेळातून शिकण्यावर भर दिला, २०२३च्या फेब्रुवारीत केंद्राने लहान मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळ-साहित्याचा संच आणला. पण महाराष्ट्रातल्या शाळा त्याआधीच हलल्या होत्या. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी वर्गाच्या फरशीवर रंगाने आकडे, अक्षरं, आकृत्या रेखल्या. मुलं बाकांवरून उठून जमिनीवर आली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला जात. २०१५च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा निर्णय निघाला आणि ती फरशी गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत पोचली. मात्र तिच्यावर गणित आणि भाषा जेवढी उतरली, तेवढा भूगोल उतरला नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी दुसऱ्या वाटेने गेले. पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या कामासाठी त्यांना २०२० सालचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. त्यांच्या कामाची दुसरी बाजू म्हणजे पडद्यावरून घडवलेल्या परदेशातल्या सफरी. जगभरच्या शिक्षकांत याच्याशी जवळीक असणारा एक खेळ लोकप्रिय झाला. दोन वर्ग व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसतात आणि फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर येईल असे प्रश्न विचारून एकमेकांचं ठिकाण शोधतात. तुमच्याकडे आत्ता दिवस आहे का? तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का? तुमच्या देशाला समुद्रकिनारा आहे का? असे चांगले प्रश्न सुचायला जग मनात रचलेलं असावं लागतं. उत्तरं पाठ करून इथे भागत नाही.

त्यासाठी इंटरनेटही हवंच असं नाही. बदनापूरच्या एका शाळेने भोकरदनच्या शाळेला साधा फोन लावला तरी डाव रंगेल. तुमच्या गावावरून रेल्वे जाते का? तुमची नदी थेट पूर्णेला मिळते का? बाजाराला तुम्ही जालन्याला येता का? जिल्ह्यापुरता का होईना, नकाशा डोक्यात आकार घेऊ लागतो.

अंगणातलं साहित्य

मराठी मुलांच्या जुन्या खेळांत भूगोल आधीपासून दडलेला आहे. ‘डोंगर-पाणी’ घ्या. ज्याच्यावर राज्य असतं त्याला विचारतात, डोंगर हवा की पाणी? त्याने पाणी मागितलं की बाकीच्यांनी ओट्यावर, पायरीवर, दगडावर चढायचं आणि संधी साधून त्याच्या पाण्यात उतरून त्याला चिडवायचं. या खेळात खडूने समोच्चरेषा आणल्या की सातवीचा धडा मैदानात येतो. दुधनेवरच्या अप्पर दुधना धरणाजवळ रेणुकामातेच्या देवस्थानाचा सोमठाण्याचा गड आहे. त्या टेकडीच्या रेषा मैदानावर मोठ्या करून आखायच्या. एक रेषा ओलांडली की एक टप्पा चढला. ज्या बाजूला रेषा दाट, तिथे चार पावलांत चार टप्पे चढावे लागतात. जिथे विरळ, तिथे सावकाश चालत जाता येतं. पायांना जे कळतं ते मुलं सहसा विसरत नाहीत.

दुसरं उदाहरण दिवाळीतल्या किल्ल्याचं. माती, दगड, गोणपाट, वर पेरलेले अळीव, पायऱ्यांवर मावळे. खरं तर हा भू-आकाराचा प्रयोग आहे. पाणी ओतल्यावर माती कुठून वाहते, तटाखालची कड का ढासळते, टाकं कुठे खणलं तर भरतं, हे बोटांनी कळतं. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. मराठवाड्यातला एकही त्यांत नाही. पण बदनापूरहून रेल्वेने निघालं तर संभाजीनगरच्या पुढे देवगिरी खिडकीतून दिसतो. कडे तासून सरळ केलेला, भोवती खंदक असलेला हा डोंगर मुलांनी अंगणात करून पाहावा. पठारावर एकटा उभा असलेला डोंगर आणि सह्याद्रीच्या रांगेतला किल्ला यांचं संरक्षण वेगवेगळ्या तऱ्हेने का करावं लागतं, हा प्रश्न माती थापताना आपसूक येतो.

चिंचोक्यांचा दुष्काळ

बदनापूरच्या नावाने शेतकऱ्यांना ओळखीची असलेली एक गोष्ट म्हणजे तूर. इथलं कृषी संशोधन केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं. ‘बीडीएन ७११’, ‘बीडीएन ७१६’, वांझ रोगाला दाद न देणारी ‘बीएसएमआर ७३६’ ही वाणं इथली. ‘बीडीएन ७११’ सुमारे दीडशे दिवसांत हाती येते, म्हणजे परतीचा पाऊस दगा देण्याआधी पीक बरंचसं उरकतं. जिल्ह्यात पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि त्याचा भरवसा नाही. त्याच जिल्ह्याची दुसरी ओळख मोसंबी. तिला बाराही महिने पाणी लागतं. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळल्या.

तूर की मोसंबी, हा निर्णय पटावर आणता येतो. आंध्र प्रदेशात फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थेने आणि आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या रूथ माइंझेन-डिक व सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना असा खेळ खेळायला दिला. प्रत्येकाने दरवर्षी कमी पाण्याचं किंवा जास्त पाण्याचं पीक निवडायचं, पाणी सगळ्यांच्या सामायिक साठ्यातून जाणार. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, खेळ झालेल्या गावांत पाण्याबाबत नियम करण्याकडे कल वाढलेला दिसला.

बदनापूरच्या मुलांसाठी हा डाव असा मांडता येईल. पाच शेतकरी, मध्ये एक ताट, ताटात पन्नास चिंचोके. ते भूजल. तूर लावली तर एक चिंचोका लागतो आणि दोन रुपये मिळतात. मोसंबीला तीन चिंचोके लागतात, मिळतात पाच रुपये. पिकं झाली की फासा टाकायचा. जितके ठिपके, तितके चिंचोके पावसाने परत दिले.

पाचही जण मोसंबी लावत गेले, तर काय होतं ते कागदावर मांडून पाहावं. दरवर्षी पंधरा चिंचोके जातात. फासा दरवेळी सहाच पडला, म्हणजे दरवर्षी उत्तम पाऊस झाला, तरी चार वर्षांनंतर ताटात चौदा चिंचोके उरतात आणि लागतात पंधरा. पाचव्या वर्षी कुणाची तरी बाग वाळणारच. उलट, पाचही जणांनी तूर लावली आणि फासा दरवेळी एकच पडला, म्हणजे दरवर्षी दुष्काळ, तरी डाव बारा वर्षं चालतो. हे सांगून पटत नाही. चौथ्या वर्षी ताट रिकामं व्हायला लागलं, की मुलं आपापसांत भांडू लागतात आणि ‘आपण दोघांनी तूर लावू, बाकीच्यांनी मोसंबी’ असे करार सुरू होतात. मग नियम वाढवता येतात. मोसंबीचं झाड एका वर्षासाठी लावता येत नाही, म्हणून एकदा लावली की पाच वर्षं पाणी द्यायचं. एखाद्याने बांध घातले, तर पुढच्या प्रत्येक पावसात एक चिंचोका जादा. जालन्याजवळच्या कडवंचीने इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाची कामं केली आणि नंतर तिथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तो इतिहास मुलांना पाठ करून घ्यावा लागणार नाही, नियम बदलताना तो आपोआप पुढे येईल.

सावली, रेखावृत्त आणि पायाखालचा महासागर

बदनापूर साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. या दोन आकड्यांतूनही पुष्कळ डाव निघतात. रेखांशाच्या रेषेवरून वर जा, तर उज्जैन आणि त्यापुढे जयपूर. खाली या, तर विजापूर. अक्षांशावरून पश्चिमेला संभाजीनगर आणि नाशिक, पूर्वेला चंद्रपूर आणि पुरी, समुद्र ओलांडला की म्यानमारची राजधानी नेपिडो. पत्त्यांच्या जोडासारखी ही गावं कार्डांवर लिहून ‘माझ्या रेषेवरचा शेजारी कोण’ असा खेळ होतो.

उज्जैनची गोष्ट खास. प्राचीन भारतीय ज्योतिषी ज्या मध्यरेषेपासून मोजत, ती उज्जैनमधून जात असे. बदनापूर तिच्या अगदी जवळ आहे. २१ मार्चच्या सुमारास, घड्याळात साडेबाराच्या जरा पुढे, बदनापूरच्या मैदानात एक मीटरची काठी उभी केली, तर तिची सर्वांत आखूड सावली ३६ सेंटिमीटरच्या आसपास पडते. उज्जैनला त्याच दिवशी सुमारे ४३. दोन शाळांनी फोनवर आकडे सांगितले, की कोनांतला फरक सुमारे ३.३ अंश निघतो. दोन गावांतलं सरळ अंतर सुमारे ३६७ किलोमीटर. ३६०ला ३.३ने भागून अंतराने गुणलं की पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळपास येतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केलं. ज्या गटाचा आधी लावलेला अंदाज सावलीच्या सर्वांत जवळ, तो जिंकला. सर्वांत आखूड सावली घड्याळातल्या बारालाच का पडत नाही, हा प्रश्न मुलं विचारतातच. भारताचं घड्याळ ८२.५ अंशावर चालतं आणि बदनापूर त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे इथला सूर्य सरासरी २७ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो.

शिवाय मोठ्यांनाही चकवणारा एक प्रश्न आहे. इथून सरळ पृथ्वीच्या मध्यातून भोक पाडलं, तर पलीकडे काय निघेल? बहुतेक जण अमेरिका म्हणतात. निघतो प्रशांत महासागर.

अडचण कुठे येते

असे खेळ होत नाहीत याची कारणं पैशाची कमी आणि वेळेची जास्त आहेत. खडू, चिंचोके, काठी आणि नकाशा एवढंच साहित्य. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांत बदनापूर ‘४७ एम’ या गटात येतं आणि ते नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून मिळवता येतात. पण एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असल्या, की चिंचोक्यांचा डाव एका तासिकेत बसत नाही. परीक्षेत ‘कारणे द्या’ला दोन गुण आणि त्यांची उत्तरं मार्गदर्शकात छापलेली. मग खेळाचा तास हा चुकवलेला तास ठरतो.

खेळाचीही अडचण आहे. जिंकण्याची घाई झाली की मुलं भूगोल सोडून नियमांतल्या पळवाटा शोधतात. म्हणून डावानंतरची दहा मिनिटं डावाइतकीच महत्त्वाची. ताट कधी रिकामं झालं? का झालं? खऱ्या गावात चिंचोके कोण मोजतं? हे विचारणारं कुणी नसेल, तर ‘व्यापार’ काय आणि हा पट काय, दोन्ही सारखेच. आणि हे विचारायला शिक्षक एकटा पुरा पडत नाही. कुठली विहीर २०१३ साली आटली, दुधनेला पूर कोणत्या वर्षी आला, बोअर किती फुटांवर लागली, हे आजी-आजोबांना आणि शेतकरी आईबापांना ठाऊक असतं.

महाराष्ट्रात १४ जानेवारी हा भूगोल दिन म्हणून साजरा होतो. थोर भूगोलतज्ज्ञ डॉ. सी. डी. देशपांडे यांचा हा जन्मदिवस. शाळांत त्या दिवशी बहुधा भाषणं आणि निबंध स्पर्धा होतात. येत्या भूगोल दिनी बदनापूर तालुक्यातल्या शाळांनी निबंध बाजूला ठेवावेत आणि मैदानावर तालुक्याचा नकाशा आखावा. दुधना, सोमठाणा, रेल्वे, संशोधन केंद्र, ड्राय पोर्ट, सगळं त्यावर मांडावं आणि मुलांबरोबर पालकांनाही डावात घ्यावं. दिवाळीनंतरचं सत्र सुरू होईल तेव्हा तयारीला पुरेसे आठवडे हाताशी असतील. तेवढ्यात कुणीतरी पुढाकार घेऊन आखणीला लागावं.